बांबूचा ब्रश आणि मागची पायरी

आमच्या घरात बांबूचे ब्रश आले ते सांगलीच्या पुरामुळे.

माझं माहेर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. त्या वर्षी पाणी घरात छातीपर्यंत चढलं. आई-बाबा आधीच मावशीकडे गेले होते, त्यामुळे जिवाची काळजी नव्हती. पण पाणी ओसरल्यावर चिखल काढायला मी आणि आमचे हे सासरहून, कडेगावकडून, टेम्पो घेऊन गेलो. फ्रिज आडवा पडलेला, गाद्या फुगलेल्या, कपाटाचं दार जागचं हलेना. आणि त्या सगळ्या गाळात जिकडेतिकडे टूथब्रश! घरात माणसं दोन, आणि ब्रश निघाले घमेलंभर. लाल, निळे, पोपटी, कुणाचे केस फिस्कारलेले, कुणाची दांडी अजून चकचकीत. कोणत्या गावच्या कोणत्या तोंडातून आले होते देव जाणे.

“तुझ्या आईचा पाटा गेला, पितळी पातेली गेली,” हे म्हणाले, “पर लोकांचं ब्रश बघ कसं घरपोच आलं.”

हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता ऊस करतात. कसल्याही संकटात विनोद करायची खोड त्यांना तिकडेच लागली. माझं मात्र त्या घमेल्यावरून लक्ष हटेना. मनात आलं, मी परकरात असताना ज्या गुलाबी ब्रशाने दात घासले, तोसुद्धा असाच कुठेतरी शाबूत असणार. माझे त्या वेळचे दुधाचे दात केव्हाच मातीत गेले, ब्रश मात्र चिरंजीव.

मी शाळेत शिकवते, आणि शिक्षकाच्या डोक्यात एखादा विचार शिरला की तो जगाच्या डोक्यात घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शाळेतल्या बायका महाबळेश्वरला गेलो, तेव्हा बाकीच्या जणी जॅम आणि चामड्याच्या चपला बघत होत्या आणि मी एका दुकानात बांबूचे ब्रश बघत होते. पांढऱ्या केसांचे होते, काळ्या केसांचेही होते. काळ्या केसांत कोळसा घातलेला असतो, असं दुकानदार म्हणाला. पिवळसर दांडी आणि वर काळे केस, इतके देखणे दिसत होते की मी पिशवी भरून तेच घेतले. माझ्या हौसेने मला आजवर पुष्कळदा खड्ड्यात घातलं आहे, पण त्या काळ्या रंगाने घातलं तसं कशानेच नाही.

घरी आल्यावर ह्यांनी ब्रश उलटसुलट करून बघितला. “दांडी बांबूची, ठीक हाय. पर केस तर प्लॅस्टिकचंच की!”

“केस उपटून वेगळे टाकायचे. दांडी मातीत जाते.”

“म्हंजे आधी टक्कल करायचं, मग पुरायचं,” म्हणून ते मोटार चालू करायला निघून गेले.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ब्रश हातात घेतला, नाकाशी नेला आणि हसायला लागल्या. “दातवणाला केस फुटलं व्हय गं?” मग त्यांनी तो उलटा केला आणि दांडीचं टोक दाढेखाली धरून कराकरा चावलं. त्यांचे वडील बाभळीची काडी अशीच चावायचे म्हणे. दोन-चार वेळा चावून त्यांनी निकाल दिला, “हिला चवच न्हाई,” आणि ब्रश फडताळात टाकून दिला. त्यांना चवीची वस्तू ठाऊक होती. त्या मशेरी लावायच्या.

मशेरी म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला तंबाखू. तो चुरून डबीत भरायचा आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. आमच्या भागात कितीतरी बायकांचा दिवस त्याशिवाय उगवत नाही. तंबाखू भाजायला घेतला की आमच्या घरात गोठ्यातल्या म्हशीपर्यंत सगळे शिंकायचे.

सकाळी दुधाचं काम उरकलं की मागच्या दाराच्या पायरीवर आत्याबाईंची बैठक बसायची. एक माझी चुलत जाऊ, एक वरच्या आळीतल्या काकू, आणि एक रहिमतपूरहून लग्न होऊन आलेली, तिला सगळा गाव रहिमतपूरकरीण म्हणतो. चौघी डोक्यावर पदर घेऊन, बोट तोंडात घालून बसायच्या. बोलणं चालायचं ते नाकातून आणि भुवयांतून. मधून एखादी उठून परसात थुंकून यायची, तेवढ्यात तिच्याबद्दल एखादं वाक्य होऊन जायचं. मी डबा भरता भरता खिडकीतून बघायची आणि माझं पित्त खवळायचं. किती सांगितलं! शाळेतली चित्रं आणून दाखवली, पाकिटांवरचे फोटो दाखवले. काकू म्हणायच्या, “आमची आज्जी नव्वदाची हून गेली, मशेरी लावत लावत.” पालथ्या घड्यावर पाणी.

मार्गशीर्षात एक दिवस आत्याबाईंनी ताटातला ठेचा बाजूला सारला.

हे वाचून कुणाला काही वाटणार नाही, पण आमच्या घरात सगळ्यांचे हात थांबले. ज्या बाईने आयुष्यभर भाकरीवर ठेचा घेऊन खाल्ला, तिला ठेचा नको? “तोंडात झोंबतंय,” त्या म्हणाल्या. “लय दिस झालं.” दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना सांगलीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“आजी, मशेरी किती वेळा लावता?”

“सकाळची येकदाच.”

“दुपारची, संध्याकाळची आणि जेवणानंतरची धरून,” मी म्हणाले. आत्याबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी गाल ताणून आत दिवा धरला. डाव्या गालाच्या आत पांढरा डाग होता. त्यांनी मलाही दाखवला. आज हा मोठा आजार नाही, त्या म्हणाल्या, पण मशेरी चालू राहिली तर होऊ शकतो. मशेरी आजपासून बंद. संक्रांत झाली की परत यायचं. डाग जात नसेल, तर त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवायचा. त्यांनी आजाराचं नाव घेतलं नाही, पण आत्याबाईंनी ते ऐकलं.

येताना आम्ही नेहमीप्रमाणे भडंगाच्या दुकानापाशी गाडी थांबवली. आत्याबाई गाडीतूनच म्हणाल्या, “मला नगं. तुमी खावा.” मी भडंगाची पुडी मांडीवर तशीच धरून बसले. मी घाबरले होते. चांगलीच घाबरले होते.

लग्न होऊन आले तेव्हा मला नुकती नोकरी लागली होती. घर खटल्याचं. सुनेने शाळेत जायचं की भाकरी करायची, यावर ओसरीत पुरुषांची बैठक बसली होती. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन म्हणाल्या होत्या, “ती शाळंत जाईल. तिच्या वाटणीची भाकर मी थापीन.” विषय संपला. त्यानंतर मी शाळेत गेले ती त्यांच्या भाकरीवर. त्या बाईच्या गालात डाग होता, आणि मी नुसती उपदेश करत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशेरीची डबी माझ्या हातावर ठेवली. “घे. आन् आण तुजा त्यो बांबू.”

माझा आनंद गगनात मावेना. फडताळातला ब्रश काढून, धुऊन, मी तो औक्षण केल्यासारखा त्यांच्या हातात दिला. तेव्हापासून रोज खिडकीतून बघते, तर आत्याबाई पायरीवर बसून मन लावून ब्रश करताहेत! आठवड्याभरात रहिमतपूरकरणीने ब्रश मागून नेला. मग चुलत जावेने. मग काकूंनीसुद्धा! चार बायका ओळीने बसून काळ्या केसांचे ब्रश तोंडात फिरवताहेत, हे बघून माझे डोळे भरून आले. मी शाळेत सांगितलं. बहिणीला फोनवर सांगितलं. दुधाच्या डेअरीत ज्याने विचारलं नव्हतं त्यालाही सांगितलं.

हे एकदा दात कोरत म्हणाले, “आईची थुंकी काळी कशी काय गं अजून?”

“त्या केसांत कोळसा असतो,” मी म्हणाले. “तो हळूहळू उतरतो.” आणि कोळसा दात कसा स्वच्छ करतो ते पाच मिनिटं समजावून सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शिंका अजून येत होत्या, पण तंबाखू शेजारच्या जावेकडे भाजत असतील, असं मी धरून चालले. तसा तो तिच्याकडेच भाजला जात होता, त्यात माझी काही चूक नव्हती.

संक्रांत आली. हळदीकुंकवाला काय वाण लुटायचं हा प्रश्न त्या वर्षी मला पडलाच नाही. दरवर्षी आम्ही एकमेकींना प्लॅस्टिकचे डबे, प्लॅस्टिकच्या गाळण्या, प्लॅस्टिकच्या साबणदाण्या देतो आणि पुढच्या वर्षी त्याच फिरून आपल्याकडे येतात. मी बांबूचे ब्रश मागवले, तेच काळ्या केसांचे. प्रत्येकाला कापडाची पट्टी बांधून त्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलं. बायका खूप आल्या. शाळेतल्या आल्या, आळीतल्या आल्या, पलीकडच्या वस्तीवरच्या आल्या. तिळगूळ झाला, अत्तर झालं, आणि मग मला राहवलं नाही. मी बोलायला उभी राहिले.

पुराबद्दल बोलले. गाळातल्या ब्रशांबद्दल बोलले. प्लॅस्टिक कसं कधीच मरत नाही ते सांगितलं. मग म्हणाले, “आणि ह्या ब्रशाने आमच्या आत्याबाईंची मशेरी सोडवली. आत्याबाई, तुम्हीच सांगा.”

आत्याबाई चुळबुळल्या. “मी काय सांगू? बस झालं की आता.” काकूंनी छताकडे बघितलं. चुलत जावेला अचानक खोकला आला. पण रहिमतपूरकरीण भोळी. एवढ्या बायकांत बोलायची संधी तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. ती उठून उभीच राहिली.

“म्या सांगती की! आवं, लय झ्याक वस्तू हाय. बोट काळं हुत न्हाई, नखात काय ऱ्हात न्हाई. आन् मशेरी कशी, पार मागल्या दाढंपातुर जाती! बोटानं कवा जायाची तितवर?”

कुठूनतरी पहिला फिस्सकन आवाज आला आणि सगळी ओसरी हसायला लागली. शाळेतल्या माझ्या मैत्रिणी पदरात तोंड घालून हसत होत्या. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका म्हातारीने हातातलं वाण वर करून विचारलं, “मंग मशेरी बी देणार का न्हाई ह्येच्यासंगट?” त्यावर तर तिळगुळाचं ताटच कलंडलं.

आज आठवलं की मलाही हसू आवरत नाही. कोळशाबद्दल ह्यांना दिलेलं ते व्याख्यान आठवतं आणि तोंड लपवावंसं वाटतं. पण त्या वेळी मी हसले नाही. मी सगळ्यांसमोर रडायला लागले. हसं झालं म्हणून रडले असं बायकांना वाटलं असेल. मला फक्त तो पांढरा डाग दिसत होता. मधले इतके दिवस तो जात असेल असं मी समजत होते, आणि मीच दिलेल्या ब्रशाने मशेरी रोज त्याच्यावर घासली जात होती, पार मागच्या दाढेपर्यंत.

हसणं थांबलं. बायका एकेक करून वाण घेऊन गेल्या. रहिमतपूरकरीण जाताना माझा हात धरून म्हणाली, “माजं काय चुकलं का वं?” मी मानेनेच नाही म्हणाले. तिचं काय चुकलं होतं? सबंध पायरीवर खरं बोलणारी ती एकटीच निघाली.

मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने आत्याबाई आल्या आणि माझ्याशेजारी टेकल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रागाने विचारलं, “डबी दिली होती ना मला? कशाला असं केलंत? मरायचंय का तुम्हाला?”

“मराया कुणाला पायजे गं?” त्या म्हणाल्या. मग परसातल्या कोंबड्यांकडे बघत सांगायला लागल्या. “मी ह्या घरात आली तवा घर मानसांनी भरल्यालं. पाटं उठल्यापास्नं ह्येचं पानी तापव, त्येची भाकर कर, जनावराचं श्यान काढ. बस म्हणायचं कुणाच्या गावीच न्हवतं. पर तोंडात मशेरी आसली की सासू बी हाक मारायची न्हाई. बोलताच येत न्हाई तर हाक मारून करायचं काय? तेवढा येळ माजा. रिकाम्या तोंडानं हितं बसून बघ तू. कुणी हाक मारली न्हाई तर आपलंच आपल्याला काम दिसाय लागतं. उठावंच लागतं.”

इतकी वर्षं मी त्यांना तंबाखूबद्दल सांगत होते, आणि त्या पायरीवर तंबाखूसाठी बसतच नव्हत्या. किंवा फक्त तंबाखूसाठी बसत नव्हत्या.

“मग ब्रश असतो की तोंडात,” मी शेवटी म्हणाले.

“त्यो काय दोन मिंटात हुतो.”

“कोण म्हणालं दोन मिनिटांत होतो?”

“तूच की! समद्या शाळंला सांगत आसतीस.”

“ते पोरांसाठी. तुम्हाला हवा तेवढा वेळ घासा. ब्रश तोंडात असेपर्यंत ह्या घरात तुम्हाला कुणी हाक मारायची नाही.”

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. “आन् तू बी बसायचं.”

“मला शाळा असते, आत्याबाई.”

“मला बी समदं आसतंच,” त्या म्हणाल्या.

ह्यांना मी नियम सांगितला. त्यांनी फौजेतल्यासारख्या टाचा जुळवून “यस मॅडम” म्हटलं आणि आईला विचारलं, “मग चहा कोण करणार?” आत्याबाई म्हणाल्या, “फौजंत कोण करत हुतं?” त्या दिवसापासून सकाळचा चहा हे करतात. साखर जरा जास्त पडते, पण चालतं.

त्याच आठवड्यात आम्ही सांगलीला जाऊन आलो. डाग जसाच्या तसा होता. डॉक्टरीणबाई रागावल्या, आणि आम्ही दोघींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. वाढला नाही एवढंच नशीब, त्या म्हणाल्या. पाडव्यापर्यंत शेवटची मुदत. त्यानंतर तुकडा काढायचाच.

या खेपेला मी शिक्षिकेसारखी वागले. सांगलीतूनच पांढऱ्या केसांचे ब्रश घेतले. पांढऱ्या केसांवर मशेरीचा कण जरी लागला तरी दिसणार. आत्याबाईंनी ब्रश बघितला, मग मला बघितलं. “पोलिसात जायाची हुतीस तू,” त्या म्हणाल्या. पण ब्रश घेतला.

पहिले दिवस वाईट गेले. त्यांचं डोकं दुखायचं. कोंबडी आडवी आली तरी तिचा उद्धार व्हायचा. ह्यांना एकदा ऊस तोडायला आलेल्या टोळीसमोर इतकं झापलं की ते दुपारपर्यंत शेतातून परतलेच नाहीत. ब्रशाचे केस जागेवर असायचे आणि दांडीच्या टोकाचा चावून चावून कुंचला व्हायचा. आत्याबाईंनी एका ब्रशाचे दोन ब्रश केले होते, एका टोकाने घासायच्या आणि दुसऱ्याने राग काढायच्या. एका सकाळी पांढऱ्या केसांवर मला तपकिरी रंग दिसला आणि मी पायरीवरून ताडकन उठले.

“दाखवा तोंड!”

“चा हाय गं बये, चा! घोट घेतला मधीच.” त्यांनी आ करून दाखवला. खरंच चहाच होता. शेजारी बसलेल्या काकू तेव्हा इतक्या हसल्या की त्यांच्या तोंडातली मशेरी त्यांच्याच लुगड्यावर सांडली. काकूंनी मशेरी सोडली नाही, हे इथे सांगून टाकते. “तुजा बांबू तुला लखलाभ,” म्हणतात. पण पायरीच्या अगदी पलीकडच्या टोकाला बसतात, वारा आमच्याकडे येणार नाही अशा बेताने. चुलत जावेचं आज सोडते, उद्या लावते, असं चाललेलं असतं. रहिमतपूरकरणीने मात्र त्या हळदीकुंकवाच्या दिवसापासून मशेरीला बोट लावलं नाही, आणि ब्रशही लावला नाही.

त्या संक्रांतीपर्यंत मी कधी त्या पायरीवर बसलेच नव्हते. खिडकीतून बघत होते. आता रोज बसायला लागले. पहिल्या दिवशी बसल्याबसल्या मला दोरीवरचे कपडे दिसले, न पुसलेला ओटा आठवला, तपासायच्या वह्या आठवल्या. मी तीनदा उठायला गेले आणि तीनदा आत्याबाईंनी नुसती भुवई वर केली. चौथ्या दिवसापर्यंत मला परसातलं शेवग्याचं झाड दिसायला लागलं. ते तिथे आधीपासूनच होतं. मग हळूहळू तोंडात ब्रश धरून नाकातून बोलायचंही जमायला लागलं, आणि गावातली कितीतरी माहिती मला इतकी वर्षं मिळालीच नव्हती हे कळलं!

बांबूच्या ब्रशाची एक तऱ्हा आहे. पेल्यात उभा ठेवला की बूड ओलं राहून काळं पडतं. माझे पहिले सगळे असेच गेले. आत्याबाई घासून झालं की ब्रश झटकून तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात आडवा ठेवतात, आणि पोळपाट-लाटण्याला लावतात तसं महिन्यातून कधीतरी दांडीला बोटभर तेल लावतात. झिजलेल्याचे केस हे पकडीने उपटतात, “आज टकल्याची बारी,” असं म्हणत, आणि दांड्या वांग्याच्या वाफ्यात रोपांना आधार म्हणून खोवतात. मातीत जाते म्हणाले होते ना मी? जाते आहे, सावकाश. मला घाई नाही.

पाडव्याला गुढी उभी केली. कडुलिंबाचा पाला, गूळ, ओवा एकत्र वाटून सगळ्यांनी खाल्ला. आत्याबाईंनी तो गालात बराच वेळ धरून ठेवला. झोंबतंय का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. गेले काही दिवस त्यांनी ताटात ठेचा मागितला नव्हता, आणि मीही वाढला नव्हता. दोघींनाही उत्तर नको होतं.

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो. हे गाडीत एकही विनोद करेनात, त्यामुळे मला जास्तच भीती वाटायला लागली. डॉक्टरीणबाईंनी गाल ताणला, दिवा धरला, बोटाने चाचपून बघितलं. पुन्हा बघितलं. दुसऱ्या बाजूला बघितलं. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. त्यांनी दिवा बंद केला.

“डाग दिसत नाही, आजी.”

“दिसत न्हाई, का न्हाईच?”

“नाहीच,” त्या हसून म्हणाल्या. तुकडा काढायची गरज नाही, पण अधूनमधून दाखवायला या, आणि मशेरीकडे पुन्हा बघायचंही नाही. हे बाहेर बाकावर बसले होते. मी दारातूनच मान हलवली, तर ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि कितीतरी वेळ कसलं तरी पोस्टर वाचत बसले. ते पोस्टर लहान मुलांच्या दातांचं होतं.

आत्याबाईंना मात्र डॉक्टरांच्या दिव्यावर अजून भरवसा नव्हता. भडंगाच्या दुकानापाशी त्यांनी स्वतःच गाडी थांबवायला लावली. भडंग घेतलं आणि वर तळलेली मिरची मागून घेतली. गाडीत बसून त्यांनी ती मिरची देठापर्यंत एका घासात चावली. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“झोंबली?” मी विचारलं.

“मिरची झोंबायचीच की गं,” त्या म्हणाल्या. “मिरचीवानी झोंबली. तशी न्हाई.” आणि त्यांनी पुडीत हात घालून दुसरी मिरची शोधायला घेतली.

मला रडू आलं आणि हसूही आलं. हे म्हणाले, “आता मला पण दे की एक,” तर त्या म्हणाल्या, “तू गाडी चालीव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. रहिमतपूरकरीण नुसतीच बसली होती, काकू पलीकडच्या टोकाला होत्या, आणि मी आणि आत्याबाई मध्ये ब्रश तोंडात धरून. उन्हं शेवग्यावर आली होती. आतून ह्यांचा आवाज आला, “अगं, चहाची साखर कुठाय? डबा सापडत न्हाई.”

मी सवयीने उठायला गेले. आत्याबाईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. त्यांनी क्षणभरच तोंडातला ब्रश काढला.

“बस खाली. ब्रश तोंडात हाय न्हवं तुज्या?”

मी बसले. आतून डबे उघडल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले.